जिथे इंजिनाचा धूर थांबे

ग्वाल्हेरच्या एका घरातून आजोबा आणि नातू अशा दोघांच्या सह्यांचे पत्र आमच्याकडे आले आहे. आजोबांना रेल्वेचे वेड, नातवाला रणगाड्यांचे. आजोबांच्या कपाटात एच-ओ मापाचे रूळ आणि दोन इंजिने आहेत. नातवाने एकास पस्तीस या प्रमाणातील डझनभर ब्रिटिश सैनिक, सहा इंची हॉवित्झर तोफ आणि एक रणगाडा जुळवून ठेवला आहे. दोघांना मिळून पहिल्या महायुद्धाचा देखावा करावयाचा आहे आणि त्यात नॅरोगेज गाडी चालती हवी. जागा म्हणजे सहा फूट लांब व दोन फूट रुंद अशी एक फळी. नातू म्हणतो, लढाई दिसली पाहिजे. आजोबा म्हणतात, गाडी धावली पाहिजे. आराखडा आम्ही सुचवावा, अशी उभयतांची विनंती आहे.

मराठी घरांना देखाव्याची कला नवी नाही. दिवाळीत अंगणात वा गच्चीवर मातीचा किल्ला उभारणारी मुले इंदुरात आहेत, तशी बडोद्यातही आहेत. आणि गणपतीपुढील देखावा हा तर मोठ्या माणसांचाच छंद. तथापि किल्ल्याला प्रमाणाचे बंधन नसते. महाराज दरवाज्याहून उंच असतात, पायथ्याचा वाघ गवळणीच्या दुप्पट असतो, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. युद्धाच्या देखाव्याची जात निराळी. तेथे जी माणसे दाखवावयाची ती खरोखर होती आणि त्यांतील पुष्कळशी त्याच चिखलात कायमची राहिली. यास्तव करवत हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे : ही छोटी गाडी तेथे कशासाठी आली होती?

साठ सेंटिमीटर रुंदीच्या रुळांची लष्करी पद्धत फ्रेंच तोफखान्यातील पेशो नावाच्या अधिकाऱ्याने सिद्ध केली आणि १८८८ साली फ्रेंच सैन्याने ती स्वीकारली. जर्मनांचीही त्याच मापाची युद्धरेल्वे सज्ज होती. ब्रिटिशांनी मात्र आरंभी मोटारलॉऱ्यांवर भिस्त ठेवली. १९१६ च्या सोमच्या लढाईत लॉऱ्यांच्या चाकांखाली रस्त्यांचा चेंदामेंदा झाला. तोफगोळे मागे आणि तोफा पुढे, अशी अवस्था आली. तेव्हा रेल्वेच्या कारभारात मुरलेले सर एरिक गेडीस यांच्याकडे फ्रान्समधील वाहतुकीची सूत्रे सोपविण्यात आली आणि १९१७ मध्ये आघाडीच्या पिछाडीस साठ सेंटिमीटरच्या रुळांचे जाळे विणले गेले. बेल्जियममधील ईप्र शहराजवळची तिसरी लढाई ३१ जुलै १९१७ रोजी सुरू झाली व १० नोव्हेंबरला संपली. पाशेंडेलची लढाई म्हणून ती लोकांच्या स्मरणात आहे. तिच्या प्रारंभीच्या भडिमारात ब्रिटिश तोफांनी ४० लाखांहून अधिक गोळे डागले. सहा इंची हॉवित्झरचा एक गोळा १०० पौंडांचा. हे ओझे पावसाने लोण्यासारख्या झालेल्या जमिनीवरून पुढे नेण्यास या रुळांइतके उपयोगी दुसरे साधन नव्हते. आमच्या वाचकांनी हीच लढाई घ्यावी, असे आम्ही सुचवितो. कारण तिच्यात रेल्वे ही केवळ शोभेची राहत नाही.

आता या रेल्वेचा एक नियम सांगतो. आमच्या मते सगळा आराखडा त्यावरच उभा राहतो. मोठ्या मापाच्या रेल्वेच्या शेवटच्या ठाण्यावर गोळे, रसद व लाकूडफाटा उतरवून छोट्या वाघिणींत भरीत. तेथून वाफेचे इंजिन ती गाडी पुढे नेई. परंतु वाफेच्या इंजिनाचा धूर दिवसा कोसांवरून दिसतो आणि रात्री भट्टीचा उजेड दिसतो. शत्रूच्या तोफांना याहून सोयीची खूण कोणती? म्हणून आघाडीच्या काही मैल अलीकडे इंजिन थांबे, आणि पुढील वाट पेट्रोलवर चालणारे बुटके ट्रॅक्टर धरीत. त्याहून पुढे खेचरे, आणि अखेरीस माणसांचे खांदे व हात. वाघिणी जनावरांनी ओढाव्यात याचे बडोद्याकडील वाचकांना नवल वाटू नये. मियागाम–डभोई मार्गावर १८६२ साली गाडी प्रथम बैलांनीच ओढली होती.

थोडक्यात, मोठे ठाणे, वाफेचा टप्पा, पेट्रोलचा टप्पा आणि खंदक ही एकामागून एक येणारी स्थळे आहेत, एकत्र नांदणारी नाहीत. एकास पस्तीस प्रमाणात दहा किलोमीटर म्हणजे २८६ मीटर. आपल्या फळीवर लांबीत सुमारे ६४ मीटर आणि रुंदीत २१ मीटर एवढाच भूप्रदेश मावतो. डाव्या टोकाला धूर सोडणारे इंजिन आणि उजव्या टोकाला संगिनी रोखलेले शिपाई, असे देखावे पुष्कळ पाहावयास मिळतात. त्यांचा अर्थ एवढाच होतो की इंजिनाचा चालक शत्रूपासून साठ पावलांवर चहा पीत उभा आहे. आमचा सल्ला स्पष्ट आहे. खंदक वगळावा. जिथे वाफेचे इंजिन थांबते आणि ट्रॅक्टर गाडी ताब्यात घेतो, ते एकच ठिकाण निवडावे आणि वेळ सायंकाळची धरावी. पुढे जाणारे सर्व काही येथून जाते, आणि मागे येणारे सर्व काही येथूनच परतते. नातवाला लढाई हवी आहे, ती येथे क्षितिजापलीकडे राहील. परंतु प्रत्येक वाघिणीत ती दिसेल.

मापाचा हिशेब सुदैवाने या घराच्या बाजूचा आहे. साठ सेंटिमीटरला ३५ ने भागले की १७.१ मिलिमीटर येतात. एच-ओ रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे आजोबांचे रूळ आणि नातवाचे शिपाई, दोन निरनिराळ्या दुकानांतून निरनिराळ्या हेतूंनी आलेले, परस्परांना जवळजवळ बेतून केल्यासारखे बसतात. ज्यांच्याकडे एकास बहात्तर प्रमाणातील लहान शिपाई आहेत, त्यांनी एन मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ घ्यावेत. ते प्रत्यक्षातल्या ६५ सेंटिमीटरांइतके भरतात. एकास शहात्तरला तोच आकडा ६८ होतो. हा फरक थोडा जाणवतो, परंतु त्या प्रमाणात बाजारात मिळणारी इंजिने अधिक आहेत. ग्वाल्हेरकरांना आणखी एक गंमत सांगावीशी वाटते. त्यांची दोन फुटी गाडी, जी २०२० साली थांबली, तिच्या रुळांचे अंतर ६१ सेंटिमीटर होते. ईप्रच्या चिखलातली गाडी तिची सख्खी बहीण शोभावी. (जयविलास प्रासादातील जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी मात्र या कुळातली नव्हे, तिच्यावर ब्रँडी आणि चिरूट जात.)

फळीवरील मांडणी अशी असावी. डाव्या टोकाला गोळ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या विटांच्या घराची एक भिंत. तिच्या आडून रूळ बाहेर येतो. मध्यभागी तो दुभंगून ७०-८० सेंटिमीटर दोन समांतर रूळ होतात व पुन्हा एक होतात. उजवीकडे एकेरी रूळ गोणपाटाच्या उंच पडद्याआड शिरतो. शत्रूच्या दृष्टीस येणाऱ्या रस्त्यांच्या कडेने असे पडदे खरोखर लावीत, त्यामुळे ही लपवाछपवीदेखील प्रामाणिकच आहे. रूळ फळीच्या कडेशी समांतर टाकू नये. किंचित तिरपा टाकला तर सहा फुटांचे आठ भासतात. वळण द्यावयाचेच असेल तर ५७ सेंटिमीटर त्रिज्येहून तीव्र देऊ नये. प्रत्यक्षात ते २० मीटरचे वळण होते आणि लांब वाघिणींना तेवढे लागतेच. एच-ओ रुळांखालचे स्लीपर या प्रमाणाला फारच दाट आणि बारीक दिसतील. त्यावर उपाय ईप्रच्या हवामानानेच दिला आहे : सगळे चिखलात बुडवावे आणि रुळांची डोकी तेवढी उघडी ठेवावीत.

वाफेचे इंजिन कोणते घ्यावे? अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याने ब्रिटिश सैन्यासाठी १९१६-१७ मध्ये एकंदर ४९५ इंजिने या मापाची बांधली. पुढे चार लहान चाके, मागे सहा मोठी, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. वरून जड, त्यामुळे वाईट रुळांवर कलंडण्याची खोड होती. तरीही कामाला उपयोगी पडले. युद्धानंतर यांतली काही इंजिने हिंदुस्थानात आली, उत्तर प्रदेशातील साखर कारखान्यांत त्यांनी अनेक वर्षे ऊस वाहिला, आणि १९८० च्या दशकात त्यांतली काही जतनासाठी पुन्हा इंग्लंडला गेली. आपल्या देखाव्यात हे इंजिन उभेच राहणार आहे, म्हणून त्यात मोटार नको. जाड पुठ्ठा, प्लास्टिकची नळी आणि संयम एवढ्यावर ते घरी होते. त्याच्याजवळ पाण्याने भरलेला गोळ्याचा एक खड्डा करावा आणि इंजिनावरून एक नळी त्यात सोडावी. युद्धरेल्वेच्या इंजिनांना डबक्यातले पाणी उचलून घेण्याची सोय होती, आणि ईप्रला डबक्यांना तोटा नव्हता. आजोबांचा हिरमोड होईल हे आम्ही जाणतो. परंतु वाफेचे इंजिन येथे थांबते, हाच तर या जागेचा धर्म.

चालणारी वस्तू एकच : पेट्रोल ट्रॅक्टर. बेडफर्डच्या कारखान्यात बनलेला ४० अश्वशक्तीचा सिम्प्लेक्स हा त्यांतला नमुनेदार. दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने चालणारा, त्यामुळे त्याला फिरवून घ्यावे लागत नसे. काही उघडे होते, काहींना बाजूने पत्रे, काहींना पुरते चिलखत. आकार पेटीसारखा सरळ असल्याने आजोबांच्या दोहोंपैकी लहान इंजिनाची चाके व मोटार काढून तिच्यावर पुठ्ठ्याचा सिम्प्लेक्स सहज बसेल. मागे दोन वाघिणी पुरेत. चार-चार चाकांच्या दोन गाड्यांवर बसविलेली लांब वाघीण सुमारे साडेपाच मीटरची असे. आपल्या मापात १५ ते १६ सेंटिमीटर.

येथे एक अडचण येते आणि तिचा विचार फारच थोडे लोक करतात. गाडी हलते, माणसे हलत नाहीत. धावता धावता गोठलेला शिपाई आणि त्याच्या शेजारून सरकणारी गाडी एकत्र आली की सारा देखावा एकदम खेळणे होऊन जातो. म्हणून या फळीवर धावणारा, पडणारा, ओरडणारा एकही माणूस नसावा. वाट पाहणारी माणसे ठेवावीत : पेटीवर बसलेला, विडी ओढणारा, फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिलेला, पावसात अंगावर मेणकापड घेतलेला, खेचराचा लगाम धरून पाठमोरा उभा असलेला. युद्धाचा पुष्कळसा काळ अशाच प्रतीक्षेत जातो. गाडीचा वेगही मापाचा हवा. ताशी ८ किलोमीटर धरले तर आपल्या फळीवर सेकंदाला सव्वासहा सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट ओलांडण्यास जवळजवळ अर्धा मिनिट. मुलांना तो फार संथ वाटेल. पण त्याहून वेगाने गाडी सोडू नये.

तोफेला जागा आहे. उजव्या बाजूस, मुख्य रुळापासून एक लहान फाटा काढून त्याच्या शेवटी ती जाळ्याखाली ठेवावी; हा रूळ अनेक ठिकाणी थेट तोफांच्या पंक्तीपर्यंत जात असे. रणगाड्याबद्दल मात्र आमचे मन साशंक आहे. त्या लढाईतील मार्क चार रणगाडा २८ टनांचा. तो या रुळांवरून कधीच नेत नसत. मोठ्या मापाच्या रेल्वेनेच आणीत. त्याला छोट्या वाघिणीवर चढविलेला दाखविणे साफ चूक. शिवाय तो २३ सेंटिमीटर लांब असल्याने एकटाच फळीचा आठवा हिस्सा अडवील. नातवाचा फारच आग्रह असेल तर मागच्या कडेला अर्धा चिखलात रुतलेला, रिकामा दाखवावा. त्या लढाईत पुष्कळांची गत तीच झाली.

बेळगावचे वाचक विचारतील, आपली माणसे कुठे आहेत? प्रश्न योग्य आहे आणि उत्तर सावधपणे द्यावयास हवे. हिंदी पायदळ फ्रान्समध्ये १९१४ च्या शरदात उतरले. खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी झुंज ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी याच ईप्रच्या परिसरात झाली. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी त्याच महिन्याच्या २८ तारखेस नव्ह शापेल येथे जबर हानी सोसली. परंतु १९१५ च्या अखेरीस हे पायदळ मेसोपोटेमियाकडे गेले, आणि ब्रिटिशांचे छोट्या रेल्वेचे जाळे पसरले ते त्यानंतर. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तर तैग्रीसच्या काठी कुतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे पडले. त्या आघाडीवरही शेख सादपासून अडीच फुटी रेल्वे टाकली गेली. तिचा देखावा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला वाळू लागेल, चिखल नव्हे. १९१७ च्या ईप्रला मराठा शिपाई उभा करणे आपल्याला कितीही गोड वाटले तरी खोटे ठरेल. त्या वर्षी फ्रान्समध्ये हिंदी घोडदळ होते आणि श्रमिक दलाच्या कंपन्या होत्या : नागा, लुशाई, मणिपुरी, खासी, संथाळ. आघाडीच्या बऱ्याच मागे रस्ते, लाकूडतोड, मालाची चढउतार ही त्यांची कामे. जे वाचक मोठ्या रेल्वेच्या ठाण्याचा निराळा देखावा करतील, त्यांनी या माणसांना अवश्य स्थान द्यावे. त्यांची चित्रे व पुतळे फारच थोड्यांनी केले आहेत.

सामानाची चिंता नको. जमिनीला थर्माकोल, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस. प्लास्टर ओले असतानाच चमच्याच्या पाठीने खड्डे दाबावेत. चिखलाला चाळलेली माती, वाळविलेला चहाचा चोथा आणि पातळ केलेला फेव्हिकॉल. वाळल्यावर खोलगट जागी वॉर्निशचे दोन हात दिले की ओल दिसते. मातीची पोती एम-सीलची करावीत आणि ओली असताना जुन्या मलमलीने दाबावीत, म्हणजे विणीचा ठसा उठतो. झाडे म्हणजे बुंधेच, पालवी नको. रंगांत करडा, मळकट तपकिरी आणि थोडा हिरवट, यांपलीकडे जाऊ नये. कापसाचे स्फोट आणि लाल रंगाची थारोळी यांना आमचा विरोध आहे. देखावा घराच्या दिवाणखान्यात राहणार आहे, आणि आजीलाही तो रोज पाहावयाचा आहे.

राहता राहिला वाघिणींतला भार, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत अधिक वेळ द्यावा असा भाग हाच. जाताना गोळे. अशा वाघिणीत सुमारे दहा टन माल मावे. म्हणजे सहा इंची तोफेचे २२४ गोळे. गोळे मण्यांचे वा सळईचे करून एका सुट्या पुठ्ठ्यावर चिकटवावेत, म्हणजे भार उचलून काढता येतो. उजवीकडचा गोणपाटाचा पडदा ही आपली विंग. गाडी तिच्याआड गेली की नातवाने हात घालून गोळ्यांचा पुठ्ठा उचलावा आणि दुसरा ठेवावा. त्या दुसऱ्यावर स्ट्रेचर असतील. रिकाम्या परतणाऱ्या वाघिणींतून जखमींना मागे आणीत. त्याची छायाचित्रे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियमच्या संग्रहात पाहावयास मिळतात. त्या काळचे स्ट्रेचर जवळजवळ २ मीटर ३५ सेंटिमीटर लांब असे, आपल्या मापात ६.७ सेंटिमीटर. लांबीत दोन आणि रुंदीत दोन, असे एका वाघिणीत चार बसतात. पुढे जाताना २२४, मागे येताना ४. त्या साडेतीन महिन्यांत एकट्या ब्रिटिश साम्राज्याची सुमारे अडीच लाख माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. त्यावरून या गाडीला किती खेपा पडल्या असतील याचा अंदाज नातवाने स्वतः करावा.

पहिल्या वाघिणीत चार स्ट्रेचर ठेवावेत, दुसरीत स्वतःच्या पायांनी आलेले बसके जखमी : एकाचा हात गळ्यात, एकाच्या डोळ्यांना पट्टी. चौथ्या स्ट्रेचरवरील माणसाचे तोंड कांबळ्याने झाकावे की उघडे ठेवावे, हे आजोबा आणि नातू यांनी बसून ठरवावे. आमचे मत विचाराल तर उघडे ठेवावे आणि त्याच्या ओठांत शेजाऱ्याने धरलेली विडी द्यावी; परंतु हा आग्रह नव्हे. वाट पाहणाऱ्यांपैकी निदान दोघांच्या माना परतणाऱ्या गाडीकडे वळलेल्या असाव्यात. तेव्हा शिपाई चिकटविण्यापूर्वी ट्रॅक्टर एकदा इकडून तिकडे चालवून त्यांच्या नजरेची रेषा दोऱ्याने तपासून घ्यावी. रुळांचा आराखडा खऱ्या मापात वर्तमानपत्राच्या कागदावर काढून फळीवर अंथरावा आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. सांधे बदलण्याच्या जागा आम्ही पाहून कळवू.